मदर मेरियन कोप आणि हात धुण्याची गोष्ट

नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. ती लिहिते: "वर्गात आम्हाला मदर मेरियन कोप यांच्याबद्दल सांगितलं. त्यांनी हवाईत पस्तीस वर्षं कुष्ठरुग्णांची सेवा केली, आणि हात धुण्याच्या सवयीमुळे त्यांना किंवा त्यांच्यासोबतच्या एकाही सिस्टरला हा रोग झाला नाही, असं म्हणाले. हे खरं आहे का, की श्रद्धेचा भाग आहे? माझी पुढची पोस्टिंग कुष्ठरोग वॉर्डात लागली आहे. घरचे घाबरलेत. त्यांच्याकडून मी नेमकं काय शिकायचं?"

आधी सरळ उत्तर देते. मदर मेरियन यांच्या हयातीत त्यांच्या संघातल्या एकाही सिस्टरला, म्हणजे ख्रिस्ती जोगिणीला, कुष्ठरोग झाला नाही, हे खरं. हात धुण्याबाबत त्या कडक होत्या, हेही खरं. पण पहिल्या गोष्टीचं कारण दुसरी, असं म्हणताना जरा थांबायला हवं. त्याकडे येतेच. मी आयुष्याचा बराच काळ कुष्ठरोगाच्या ड्रेसिंगरूममध्ये काढला आणि नंतर तेच शिकवलं. मला विचाराल, तर हात धुण्याची गोष्ट या बाईंच्या आयुष्यात सगळ्यात कमी महत्त्वाची आहे. ती वर्गात सांगायला सोपी, म्हणून तीच सांगितली जाते. त्यांचं खरं कौशल्य रुग्णालय चालवण्यात होतं, आणि कुठे अट घालायची हे ओळखण्यात होतं.

त्यांचा जन्म 23 जानेवारी 1838 चा, जर्मनीतल्या हेपेनहाइम गावचा. मूळ नाव बार्बरा कोब. पुढच्याच वर्षी आईवडील अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका शहरात राहिले. वडील अंथरुणाला खिळले आणि धाकट्या भावंडांसाठी बार्बराला कारखान्यात नोकरी धरावी लागली. मठात जायचं मनात होतं, पण घर सोडवेना. ती वर्षं तशीच गेली. 1862 साली, चोविसाव्या वर्षी, त्यांनी सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन सिस्टरांच्या संघात प्रवेश घेतला आणि मेरियन हे नाव धारण केलं. संतचरित्रांमध्ये ही कारखान्याची वर्षं दोन ओळींत आटोपतात. मला ती महत्त्वाची वाटतात. घरातला माणूस वर्षानुवर्षं आजारी असला की पैसे, औषध, जेवण, चिडचिड यांची मोट कशी बांधायची, हे त्यांना मठात शिरण्याआधीच ठाऊक होतं.

सुरुवातीला त्यांनी शाळांमध्ये शिकवलं, मुख्याध्यापिका झाल्या. दरम्यान त्यांच्या संघाने दोन रुग्णालयं उभारली, 1866 मध्ये युटिकात सेंट एलिझाबेथ आणि 1869 मध्ये सिरॅक्यूजला सेंट जोसेफ. सेंट जोसेफची इमारत आधी नाचघर आणि गुत्ता होती, तीच विकत घेऊन तिथे खाटा टाकल्या. 1870 पासून 1877 पर्यंत मेरियन तिथल्या प्रमुख होत्या.

या सात वर्षांतल्या दोन गोष्टी मी वर्गात दरवेळी सांगायचे. रुग्णाचा धर्म, वंश, पैसा काही न पाहता भरती करून घ्यायचं, हा तिथला नियम होता. दारूच्या व्यसनाने झिंगून आलेल्या माणसालाही खाट मिळायची. त्या काळी व्यसन म्हणजे पाप असंच बहुतेकांचं मत होतं, त्यामुळे भल्या घरच्या लोकांनी नावं ठेवली. मेरियन यांनी नियम बदलला नाही. दुसरी गोष्ट अशी, की याच सुमारास जिनिव्हा मेडिकल कॉलेज सिरॅक्यूजला हललं आणि विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी रुग्णालय हवं होतं. मेरियन यांनी विद्यार्थ्यांना येऊ दिलं, पण एका अटीवर. विद्यार्थ्यांनी आपल्याला तपासू नये असं रुग्ण म्हणाला, तर त्याचा शब्द अखेरचा. हे 1870 च्या दशकात! आजही राउंडला दहा-बारा विद्यार्थी एका खाटेभोवती कोंडाळं करतात आणि कुणी एका शब्दाने विचारत नाही, तेव्हा मला ही अट आठवते. रुग्ण गरीब असला की त्याचं शरीर म्हणजे फुकटचं पाठ्यपुस्तक, असा समज तेव्हाही होता आणि आता गेला आहे असं मला वाटत नाही.

1877 मध्ये त्या संपूर्ण संघाच्या प्रमुख झाल्या, म्हणून मदर मेरियन. 1883 च्या जूनमध्ये हवाईहून पत्र आलं. तिथे तेव्हा राजा कालाकाउआचं राज्य होतं. कुष्ठरोग झपाट्याने पसरला होता, त्यासाठी रुग्णालय सांभाळणाऱ्या सिस्टर हव्या होत्या. पन्नासहून अधिक संघांकडे विचारणा होऊन नकार आला होता. मेरियन यांनी होकार कळवला, आपल्याला कुठल्याही रोगाची भीती वाटत नाही असंही लिहिलं. सहा सिस्टरांना घेऊन त्या निघाल्या आणि 8 नोव्हेंबर 1883 ला होनोलुलूला पोचल्या. स्वतः काम मार्गी लावून परत यायचं, असा बेत होता. त्या परतल्या नाहीत.

आता काकाआकोबद्दल. माझ्या मते त्यांना ओळखायचं असेल तर इथे ओळखावं.

काकाआको हे होनोलुलूच्या किनाऱ्यावरचं रुग्णालय. बेटाबेटांवरून कुष्ठरोगाचे संशयित आधी इथे आणले जात, आणि रोग पुढे गेलेल्यांना मोलोकाई बेटावरच्या वसाहतीत पाठवलं जाई. सिस्टर पोचल्या तेव्हा जागेच्या मानाने माणसं कितीतरी जास्त होती. जखमा उघड्या, माश्या, घाण, आणि देखभालीला सरकारने नेमलेला एक व्यवस्थापक. तो रुग्णांना वाईट वागवायचा. सिस्टरांनी आधी काय केलं? घासलं. भिंती, जमीन, खाटा, भांडी. मग जखमा.

या जखमा म्हणजे काय, ते थोडं जवळून सांगते, कारण तुला लवकरच त्या बघायच्या आहेत. कुष्ठरोगाचा जंतू नसांना धरतो. तळपायाची संवेदना गेली की माणूस खडा टोचला तरी चालत राहतो, गरम भांडं हातात धरून ठेवतो, झोपेत उंदराने बोट कुरतडलं तरी जागा होत नाही. घाम येणं बंद होतं, त्वचा कोरडी पडून भेगाळते. तळव्यावर ज्या जागी भार येतो तिथे घट्टा धरतो आणि घट्ट्याखाली आत व्रण होतो. वरून नुसता टणक पिवळट गोल दिसतो. कडेला पातं लावून घट्टा उतरवला की आतून पू येतो, आणि वासावरूनच कळतं की हाडापर्यंत गेलंय का. रुग्ण मात्र शांतपणे तुमच्याशी गप्पा मारत असतो, कारण त्याला काही दुखतच नाही. बोटं रोगाने 'गळून पडतात' असं लोक समजतात. तसं होत नाही. ती वारंवारच्या जखमांनी, जंतुसंसर्गाने, हाड खात खात आखूड होतात. म्हणजे बोट वाचवायचं काम औषधाइतकंच ड्रेसिंग करणारीचं असतं.

1883 मध्ये तर औषध नव्हतंच. नॉर्वेच्या हॅन्सनने जंतू 1873 मध्येच दाखवला होता, पण तो मारायला हाती काही नव्हतं. चालमोगऱ्याचं तेल होतं, ते पोटात घेतलं की मळमळायचं आणि फायदा बेताचाच. शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे वापरात आले ते 1890 च्या आसपास, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. म्हणजे काकाआकोत पहिल्या दिवशी या सात बायकांकडे पाणी, साबण, कापडाच्या पट्ट्या आणि हात होते, बाकी काही नाही. ब्रिटिश शल्यविशारद लिस्टरचं जंतुनाशक पद्धतीवरचं लिखाण 1867 चं, पण ते अजून सगळ्या डॉक्टरांनाही पटलेलं नव्हतं. अशा वेळी 'एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचे' हा नियम सोपा वाटतो, पण तो पाळून घेणं सोपं नसतं. पाणी ओढून आणावं लागतं, साबण संपतो, हात फुटतात आणि समोर अजून रांग असते.

आता त्या व्यवस्थापकाचं. मेरियन यांनी काही महिने पाहिलं. मग त्यांनी सरकारला स्पष्ट कळवलं, की हा माणूस जाईल किंवा आम्ही सगळ्या सिरॅक्यूजला परत जाऊ. सरकारने त्याला हटवलं आणि रुग्णालयाचा पूर्ण ताबा मेरियन यांच्याकडे दिला.

मुली, हा प्रसंग नीट वाच. 'सेवा', 'त्याग', 'निमूटपणे सोसणं' हे शब्द आपल्या व्यवसायाला इतके चिकटवले आहेत की नर्सने अट घातली की लोकांना ती उद्धट वाटते. मेरियन संत म्हणून घोषित झाल्या, आणि त्यांनी चक्क काम सोडून जाण्याची धमकी दिली होती. पण ती कधी दिली हे बघ. पगारासाठी नाही, राहायच्या खोलीसाठी नाही. रुग्णांचा छळ होत होता आणि अधिकार आपल्या हातात नव्हते म्हणून. आणि धमकी खरी होती. त्या गेल्या असत्या तर राजाच्या सरकारला दुसरं कुणी मिळणार नव्हतं, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. आपलं वजन कशात आहे हे ओळखून ते योग्य जागी टाकणं, हा नर्सिंगचाच भाग आहे. अभ्यासक्रमात तो कुठल्या पेपरात येतो ते मला अजून सापडलेलं नाही.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं भराभर गेली. 1884 मध्ये माउई बेटावर त्यांनी मालुलानी रुग्णालय सुरू केलं, ते त्या बेटावरचं पहिलं सर्वसाधारण रुग्णालय. 1885 मध्ये काकाआकोच्या आवारात कापिओलानी होम उघडलं, कुष्ठरुग्णांच्या निरोगी मुलींसाठी. रोगी आईबापांच्या मुलींना कुणी घरात घेत नव्हतं. राणी कापिओलानीने पुढाकार घेतला, म्हणून तिचं नाव. त्याच वर्षी राजाने मेरियन यांना राजपदक दिलं.

1887 मध्ये राजाचे अधिकार कापले गेले, नवं सरकार आलं. त्याने कुष्ठरुग्णांना अलग काढण्याचं धोरण कडक केलं आणि काकाआको बंद करून रुग्णांना थेट मोलोकाईला धाडायचं ठरवलं. तिथे बायका-मुलींसाठी एक नवं घर हवं होतं. नोव्हेंबर 1888 मध्ये मेरियन दोन सिस्टरांसह कालाउपापाला गेल्या. एकीचं नाव लिओपोल्डिना बर्न्स, दुसरीचं विन्सेन्शिया मॅककॉर्मिक. कालाउपापा म्हणजे समुद्रात घुसलेली जमिनीची जीभ. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला उंच कडा. 1866 पासून रुग्णांना इथे आणून सोडत होते. एकूण सुमारे आठ हजार माणसं इथे पाठवली गेली, त्यांतली बहुसंख्य मूळ हवाईयन. अलग ठेवण्याचा कायदा 1969 पर्यंत चालला.

फादर डेमियन हे कॅथलिक धर्मगुरू तिथे रुग्णांच्या सेवेत 1873 पासून होते. 1884 च्या अखेरीस त्यांना कुष्ठरोगाचं निदान झालं. 1886 मध्ये ते होनोलुलूला आले तेव्हा रोगामुळे सरकार आणि चर्च दोघांनाही ते नकोसे झाले होते. मेरियन यांनी त्यांना काकाआकोत ठेवून घेतलं. कालाउपापाला गेल्यावर, ते शेवटच्या आजारात असताना, त्यांच्या मुलग्यांच्या वसतिगृहाची काळजी आपण घेऊ असा शब्द दिला. 15 एप्रिल 1889 ला ते गेले, आणि मेरियन यांनी शब्द पाळला.

आता तुझा मूळ प्रश्न. सिस्टर लिओपोल्डिनाने एकदा मेरियन यांना विचारलं, की मला हा रोग झाला तर तुम्ही काय कराल? मेरियन म्हणाल्या, तुला तो कधीच होणार नाही, आपल्या कुणाही सिस्टरला होणार नाही. भाविक लोक याला भविष्यवाणी म्हणतात. माझा त्याला विरोध नाही, पण मी ते एका मेट्रनचं वाक्य म्हणून वाचते. घाबरलेल्या ज्युनियरला "बघू, देवाची इच्छा" असं म्हणून चालत नाही. तिला ठाम उत्तर लागतं, आणि उत्तर देणारी बाई पद्धत पाळून घेणारी आहे, हे तिला दिसावं लागतं.

आता वैद्यकाच्या बाजूने पाहू. आज आपल्याला माहीत आहे, की सुमारे 95 टक्के माणसांमध्ये या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. रोग पसरतो तो मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाका-तोंडातून उडणाऱ्या थेंबांवाटे, आणि तोही दीर्घकाळाच्या निकट सहवासात. हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने, एकत्र जेवल्याने तो होत नाही. जंतू इतका संथ, की एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीसच्या वर. तेव्हा मूठभर सिस्टरांमध्ये एकीलाही रोग न होणं, हे हात न धुताही घडू शकलं असतं. आणि डेमियन यांना झाला, तो त्यांनी निष्काळजीपणा केला म्हणून, असंही म्हणता येत नाही. त्यांची प्रकृती त्या पाच टक्क्यांतली असावी. डेमियन अस्वच्छ आणि मेरियन स्वच्छ, अशी जी जोडी काही लोक लावतात ती मला अजिबात आवडत नाही. सोळा वर्षं एका माणसाने घरं बांधली, जखमा बांधल्या, शवपेट्या केल्या. त्याच्या मरणाचा उपयोग साबणाच्या जाहिरातीसारखा करू नये.

मग हात धुण्याने काय मिळालं? पुष्कळ, पण ते रुग्णांना मिळालं. पायाचा व्रण चिघळवतात ते पू करणारे नेहमीचे जंतू, आणि ते एका जखमेतून दुसऱ्या जखमेत नेण्याचं काम ड्रेसिंग करणारे हातच उत्तम करतात. खरूज तशीच. तेव्हा त्या शिस्तीने कुणाचं बोट वाचलं असेल, कुणाचा ताप टळला असेल. नियम आपल्या बचावासाठी म्हणून शिकवला की मुली पाच-सहा महिन्यांत ढिल्या पडतात, कारण त्यांना काही होत नाही. रुग्णासाठी म्हणून शिकवला तर टिकतो, असा माझा अनुभव आहे. शिवाय ज्या नर्सला स्वतःची भीती उरली नाही, तिचा हात वेगळा पडतो. कडेकडेने, चिमट्याने ड्रेसिंग करणारी नर्स रुग्णाला बरोबर ओळखू येते.

कालाउपापात मेरियन यांनी काय केलं, हे औषधाच्या भाषेत सांगायला गेलं तर फारसं काही नाही. चार्ल्स बिशप नावाच्या बँकरने दिलेल्या पैशातून बायका-मुलींसाठी बिशप होम उभं राहिलं. वसाहतीत एकट्या पडलेल्या मुलींना पुरुषांचा उपद्रव होता; त्यांना सुरक्षित जागा मिळाली, हे पहिलं काम. दुसरं म्हणजे कपडे. मरायला पाठवलेल्या मुलीला कसला आलाय नीटनेटका झगा, असं सरकारी डोकं म्हणेल. मेरियन आणि सिस्टर त्यांच्यासाठी चांगल्या कापडाचे, अंगाला बसणारे, रंगीत कपडे शिवायच्या, मुलींना शिवण आणि भरतकाम शिकवायच्या. झाडं लावली, भाजीपाला लावला, उघड्याबोडक्या जागेला आवार आलं. 1889 च्या मे महिन्यात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा लेखक तिथे येऊन आठवडाभर राहिला, मुलींबरोबर क्रोके खेळला आणि परत गेल्यावर त्याने एक पियानो पाठवून दिला. वाकड्या बोटांच्या मुली पियानो वाजवणार कशा, असं तुला वाटेल. बोटं कमी असली की दोघी मिळून वाजवायचं. कुष्ठरोगाच्या वॉर्डात अशी जुगाडं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. चमचा पट्टीने मनगटाला बांधून जेवणारा माणूस दुसऱ्याला भरवतो, तेव्हा आपण मध्ये पडू नये.

मी स्वतः ड्रेसिंगरूममध्ये आरसा लावायचा आग्रह धरायचे, आणि त्यावरून वाद व्हायचे. चेहरा बिघडलेल्यांना आरसा कशाला, असं म्हणायचे. पण भुवया गेलेली बाई कुंकू नीट लागलंय का हे बघू इच्छिते, आणि ते तिला बघू द्यावं. मेरियन यांच्या शिवणकामाचा मला अर्थ लागला तो त्यामुळे.

एक अडचणीचा मुद्दा टाळून जाता येणार नाही. हे सगळं घडत होतं ते एका अन्यायाच्या चौकटीत. लोकांना पकडून आणत, नवरा-बायकोची ताटातूट होई, पुढे तर वसाहतीत जन्मलेली बाळं आईपासून काढून नेली जात. 1893 मध्ये काउआई बेटावरचा कोओलाऊ नावाचा रुग्ण बंदूक घेऊन बायको-मुलासह डोंगरात गेला, पकडायला आलेल्या अधिकाऱ्याला त्याने गोळी घातली, पण मोलोकाईला गेला नाही. मूळ हवाईयन लोकांना तो आजही आपला वाटतो. मग सिस्टर कोणत्या बाजूला होत्या? त्यांनी कायदा केला नाही, पण त्यांच्या चांगल्या कामामुळे कायदा चालवणं सुसह्य झालं, असं कुणी म्हटलं तर मी ते धुडकावणार नाही. मला वाटतं, नर्सला ही पेचाची जागा नेहमीच वाट्याला येते. व्यवस्था वाईट आहे म्हणून आपण निघून गेलो तर पायाचा व्रण कोण धुणार, आणि थांबलो तर व्यवस्थेला आपला आधार मिळतो. मेरियन काकाआकोत एकदा "जाते" म्हणाल्या आणि कालाउपापात कधीच म्हणाल्या नाहीत. दोन्ही निर्णय एकाच बाईचे आहेत. त्यांचा हिशेब मी पुष्कळदा लावून पाहिला. इतकंच म्हणेन, की काकाआकोत धमकीने रुग्णांचं भलं होणार होतं, कालाउपापातून त्या गेल्या असत्या तर रुग्ण तिथेच राहिले असते.

औषधाने नंतर फार मोठी उडी घेतली. त्यांच्या हयातीतच, 1915 च्या सुमारास, होनोलुलूत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने चालमोगऱ्याच्या तेलापासून टोचता येईल असं औषध बनवण्याची रीत शोधली. 1916 मध्ये ती चोविसाव्या वर्षी वारली. 9 ऑगस्ट 1918 ला मेरियन कालाउपापात गेल्या, ऐंशी वर्षांच्या होऊन, मूत्रपिंड आणि हृदयाच्या विकाराने. सल्फोन औषधं कुष्ठरोगावर लागू पडतात, हे 1941 मध्ये अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिलला दिसून आलं. तिथलं कुष्ठरोग रुग्णालयही 1896 पासून डॉटर्स ऑफ चॅरिटी या संघाच्या सिस्टर सांभाळत होत्या. कालाउपापाला ती औषधं 1946 मध्ये पोचली. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला आणि आज रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन घेऊन सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. 21 ऑक्टोबर 2012 ला मेरियन यांना संत घोषित करण्यात आलं.

आता तुझ्या पोस्टिंगचं. घरच्यांना सांग, की वॉर्डातला उपचारावरचा रुग्ण रोग पसरवत नाही; औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती शक्यता संपते. शिवाय रुग्णाच्या घरातल्या निकट संपर्कातल्या माणसांना आता रिफाम्पिसिनचा एक डोस प्रतिबंध म्हणून देता येतो. तुझ्यापेक्षा त्या घरच्यांची चौकशी जास्त गरजेची आहे. वॉर्डात कुणाच्या घरी कोण कोण आहे, त्यांची त्वचा कुणी तपासली का, हे विचारायला तुला कुणाची परवानगी लागणार नाही.

पहिल्या आठवड्यात पाय धुवायला बस. पाय रोज पाण्यात भिजवायचा, घट्टा घासायचा, ओलसर असतानाच तेल लावायचं. हे तू करून दाखवायचं आणि मग रुग्णाकडून करून घ्यायचं, कारण घरी तू नसणार. चपला बघ. एम.सी.आर.च्या, म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, चपला दिलेल्या असतात, पण लोक त्या जपून ठेवतात आणि अनवाणी हिंडतात; कधी पट्टा रुतत असतो, कधी ओळखू येतं म्हणून घालत नाहीत. का घालत नाही, हे न रागावता विचार. स्वतः खुर्चीत बसून रुग्णाला उभं ठेवू नकोस.

आणि एक गोष्ट कुणी सांगितली नाही तरी करायची. डोळा नीट मिटत नाही, पेला हातातून सुटतो, चालताना पाऊल खाली लोंबतं, कोपराजवळची नस दुखते, असं कुणी सहज बोलता बोलता म्हणालं, तर ते नोंदवहीत दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नकोस. ती रिॲक्शन असू शकते, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीरात उठलेला दाह, ज्यात नस सुजून निकामी होऊ शकते. नसेला झालेली इजा सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टिरॉइडने ती भरून येण्याची चांगली शक्यता असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. बॉलपेनचं टोक आणि नायलॉनचा धागा लावून संवेदना तपास, मागच्या महिन्याच्या नोंदीशी ताडून बघ आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. ते "उद्या बघू" म्हणाले, तर पुन्हा सांग.